शिंक, शुभेच्छा आणि देव न मानणारा माणूस

कार्यालयात शेजारच्या टेबलावरचा सहकारी शिंकतो. दोन-तीन बाजूंनी ‘ब्लेस यू’ ऐकू येते, तो ‘थँक्यू’ म्हणतो आणि काम पुढे चालू होते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हे आता रोजचे झाले आहे आणि परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांच्या तर ते अंगवळणी पडले आहे. मात्र त्या खोलीत देव न मानणारा कोणी बसला असेल, तर तेवढ्या दोन क्षणांत त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. ज्याच्या अस्तित्वावर आपला विश्वास नाही त्याच्या नावाने आशीर्वाद देणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटते. आणि गप्प राहावे, तर हा माणूस तुसडा आहे असे शेजाऱ्याला वाटेल, ही काळजीही असते. अनेक जण या पेचातून सुटण्यासाठी संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहतात. हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही, कारण देव न मानणाऱ्या माणसाने चारचौघांत कसे वागावे या मोठ्या प्रश्नाचे तो एक नेमके उदाहरण आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे फार जुन्या काळी देऊन झालेले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. निरीश्वरवादी माणसाने शिंकेला प्रतिसाद द्यावा, तो स्वतःच्या शब्दांत द्यावा, दुसऱ्याने देवाचे नाव घेऊन दिलेली शुभेच्छा मोकळ्या मनाने स्वीकारावी, आणि आपला सगळा विरोध शिंकेला अपशकुन मानण्याच्या चालीसाठी राखून ठेवावा.

पहिली गोष्ट अशी की शिंकणाऱ्याला शुभेच्छा देण्याची रीत कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नाही. इंग्रजी जगात तिचा उगम पोप पहिला ग्रेगरी याच्याशी जोडला जातो. इ. स. ५९० मध्ये रोममध्ये प्लेगची साथ होती, शिंक हे त्या रोगाचे लक्षण मानले गेले आणि म्हणून शिंकणाऱ्याला आशीर्वाद देण्याची आज्ञा पोपने दिली, अशी ती कथा आहे. साथ खरी होती आणि ग्रेगरी त्याच वर्षी पोप झाला हेही खरे. पण ही रीत त्याच्या निदान पाचशे वर्षे आधीची आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या खंडात, कोणी शिंकले की आपण त्याचे शुभ का चिंततो, असा प्रश्न विचारून ठेवला आहे. सम्राट टायबेरियस हा अत्यंत उदास स्वभावाचा माणूस होता, तरी रथात बसलेला असतानाही लोकांनी आपल्या शिंकेला हा मान द्यावा असा त्याचा आग्रह असे, ही नोंदही प्लिनीचीच. म्हणजे पहिल्या शतकातील एका चौकस रोमन माणसालाही ही रीत इतकी जुनी वाटत होती की तिचे कारण त्याला सांगता येत नव्हते.

आपल्याकडचा पुरावा याहून गोड आहे. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ काव्यग्रंथाच्या शेवटच्या भागात, जिथे प्रेमिकांच्या रुसव्याफुगव्यांचे वर्णन येते, तिथे एक नायिका सांगते की मी रुसून अबोला धरून बसले होते, तेव्हा तो मुद्दाम शिंकला. शिंक ऐकली की मी ‘दीर्घायुषी हो’ म्हटल्यावाचून राहणार नाही, हे त्याला ठाऊक होते. अबोला मोडण्याची ही युक्ती चालली, कारण शिंकेला प्रतिसाद देणे ही त्या समाजात भांडणाच्याही वरची गोष्ट होती. या दोन ओळींमध्ये देव कुठेही नाही. एक माणूस आहे, त्याचे शरीर क्षणभर हादरले आहे, आणि रागावलेली असूनही दुसरी व्यक्ती त्याला ‘जग’ म्हणते आहे. आजही तमिळ घरांत लहान मूल शिंकले की ‘नूरु’, म्हणजे शंभर, असे म्हणतात आणि दुसरी शिंक आली तर दोनशे म्हणतात. तेलुगू घरांत ‘चिरंजीव’ म्हणतात, आपल्याकडच्या आज्या ‘शतायुषी हो’ म्हणत आल्या आहेत. जर्मन आणि रशियन माणूस आरोग्य चिंततो, तुर्की माणूस ‘खूप जग’ म्हणतो आणि शिंकणारा उलट ‘ते पाहायला तूही राहा’ अशा अर्थाचे उत्तर देतो. देवाचे नाव काही भाषांत या शुभेच्छेला जोडले गेले आहे आणि काहींत नाही. मुसलमानांमध्ये शिंकणारा स्वतः ईश्वराची स्तुती करतो, ऐकणारा त्याच्यासाठी ईश्वराची कृपा मागतो आणि शिंकणारा पुन्हा त्याच्यासाठी प्रार्थना करतो; तिथे हा संवाद पूर्णपणे श्रद्धेचा आहे आणि तो तसाच असणे योग्य आहे. पण सगळीकडचा सार काढला तर आयुष्य आणि आरोग्य एवढेच उरते, आणि ते चिंतायला कोणाचीही मध्यस्थी लागत नाही.

आता त्या जुन्या उत्तराकडे येतो. विनयपिटक या भिक्खूंच्या आचारनियमांच्या बौद्ध ग्रंथातील चुल्लवग्ग या भागात अशी कथा आहे की भगवान बुद्ध मोठ्या परिषदेपुढे धम्म सांगत असताना त्यांना शिंक आली. तत्क्षणी भिक्खूंनी ‘भगवंत चिरायु होवोत, सुगत चिरायु होवोत’ असा मोठा गलका केला आणि त्या आवाजात धम्मकथा खंडित झाली. बुद्धांनी विचारले, भिक्खूंनो, शिंकल्यावर ‘जीव’, म्हणजे ‘जगत राहा’, असे म्हटल्यामुळे कोणी जगेल किंवा मरेल असे आहे का? भिक्खूंनी ‘नाही’ असे उत्तर दिले. तेव्हा बुद्धांनी नियम घालून दिला की शिंकेवर ‘जीव’ म्हणू नये, म्हणेल त्याला दोष लागेल. कार्यकारणाचा विचार करणाऱ्या कोणत्याही माणसाला पटेल असा हा निर्णय आहे, आणि आजचे अनेक बुद्धिवादी लोक नेमके इथेच थांबतात.

पण कथा इथे संपत नाही. पुढे असे झाले की भिक्खू शिंकले की गृहस्थ लोक त्यांना ‘भन्ते, जगा’ असे म्हणत आणि भिक्खू नियमाला धरून काहीच उत्तर देत नसत. लोक नाराज झाले. आम्ही यांचे भले चिंततो आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण साधे उलट बोलतही नाहीत, असे ते म्हणू लागले. ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी लोकांना अडाणी ठरवले नाही, त्यांची समजूत काढायला भिक्खूंना घरोघर पाठवले नाही. गृहस्थ मंगल मानणारे असतात, असे म्हणून त्यांनी भिक्खूंना अनुज्ञा दिली, की गृहस्थ ‘जगा’ म्हणाले तर तुम्हीही त्यांना ‘चिरंजीव हो’ असे उत्तर द्यावे. जातककथांमध्ये १५५ व्या क्रमांकाच्या गग्गजातकात हाच प्रसंग प्रस्तावनेला घेतला आहे आणि पुढे वाराणसीच्या वेशीवरच्या एका यक्षाची गोष्ट येते. त्या यक्षाला असा वर मिळालेला असतो की आपल्या धर्मशाळेत उतरलेला कोणी शिंकला आणि सोबत्याने ‘जीव’ म्हटले नाही, तर त्यांना खाण्याची त्याला मोकळीक आहे. गग्ग नावाचा ब्राह्मण आपल्या मुलासह तिथे मुक्कामाला येतो, आणि यक्ष त्याला शिंक यावी म्हणून काय करतो, तर त्याच्या नाकात बारीक धूळ जाईल अशी व्यवस्था करतो. भुताखेतांच्या त्या गोष्टीतही शिंक येते ती धुळीनेच, ही बाब मला फार मोलाची वाटते.

या प्रसंगातून जो मार्ग दिसतो तो असा की शब्दात शक्ती नाही हे आधी ठामपणे सांगावे, आणि मग समोरच्या माणसाच्या सद्भावनेला सद्भावनेने उत्तर द्यावे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. शब्दाने आयुष्य वाढत नाही हे माहीत असूनही ‘चिरंजीव हो’ म्हणता येते, कारण ऐकणाऱ्यालाही आपण त्याला औषध देत नसून त्याची दखल घेत आहोत हे कळत असते. परीक्षेला निघालेल्या मुलाला ‘सोपा पेपर येवो’ असे म्हणणारा कट्टर नास्तिक बाप प्रश्नपत्रिका बदलण्याचा दावा करत नसतो.

आपला विरोध खरोखर जिथे खर्च व्हायला हवा ती जागा वेगळी आहे. महाराष्ट्रात शिंकेभोवती शुभेच्छेपेक्षा भीती अधिक आहे. कामात कुठे माशी शिंकली असे आपण सहज म्हणतो, आणि त्यामागची समजूत आजही कित्येक घरांत जिवंत आहे. सकाळची वेळ आहे. मुलगा मुलाखतीला निघाला आहे, कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावून झाली आहे, चपला पायात सरकवल्या आहेत, आणि स्वयंपाकघरातून शिंक ऐकू येते. घरातील कोणीतरी वडीलधारे लगेच म्हणते, ‘थांब, जरा टेक, पाणी पी, मग नीघ.’ मुलगा परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसतो, घोटभर पाणी पितो, आणि ज्या वेळी त्याचे मन निवांत असायला हवे नेमके त्या वेळी त्याच्या मनात एक किडा सोडला जातो. एकच शिंक वाईट, लागोपाठ दोन आल्या तर चालते, असे पोटनियमही आहेत. इराणमध्येही एका शिंकेनंतर थोडे थांबण्याची चाल आहे, तेव्हा ही समजूत केवळ आपलीच नव्हे. उलट, ग्रीक लेखक झेनोफोनने लिहून ठेवले आहे की इ. स. पू. ४०१ मध्ये पर्शियात अडकलेल्या ग्रीक सैन्यापुढे तो सुटकेच्या आशेविषयी बोलत असताना एक शिपाई शिंकला, आणि साऱ्या सैन्याने तो शुभशकुन मानून देवापुढे मान लववली. एकच शारीरिक क्रिया एका देशात शुभ आणि दुसऱ्या देशात अशुभ ठरत असेल, तर शकुन शिंकेत नाही, तो लावणाऱ्याच्या सवयीत आहे.

स्वयंपाकघरातून शिंक का आली, हे पाहायला कोणी जात नाही. जाणाऱ्यासाठी डबा करायची घाई आहे, तेलात मिरची पडली आहे, फोडणीचा खाट घरभर झाला आहे; देवापुढच्या उदबत्तीचा धूर त्यात मिसळला आहे. नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला असे काही झोंबले की तेथील मज्जातंतू मेंदूच्या तळाशी संदेश देतात, छाती भरून श्वास घेतला जातो, आतील दाब वाढतो आणि हवा जोरात बाहेर फेकली जाते. हृदय त्या वेळी बंद पडते ही समजूतही चुकीची आहे. त्याची लय थोडी बदलू शकते, ते थांबत नाही. शिवाय अंधाऱ्या जागेतून एकदम उजेडात आल्यावर शिंक येण्याची प्रवृत्ती काही लोकांत उपजतच असते. जुन्या वाड्यातील माजघरातून अंगणातल्या उन्हात पाऊल टाकणाऱ्या अशा माणसाला उंबरठा ओलांडतानाच शिंक येणार, यात नवल ते काय? निघण्याची वेळ आणि शिंकण्याची वेळ यांची गाठ पडायला इतकी साधी कारणे घरातच हजर असतात.

या चालीचा खरा त्रास मात्र शिंकणाऱ्याला होतो, आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. ‘तुला आत्ताच शिंकायचं होतं का?’ हे वाक्य घरातील कर्त्या पुरुषाला कोणी ऐकवत नाही. ते सुनेला ऐकवले जाते, लहान मुलीला ऐकवले जाते, घरात आश्रयाला राहणाऱ्या एखाद्या नातेवाईक बाईला ऐकवले जाते. मग त्या बायका निघणाऱ्याच्या वेळी तोंडाशी पदर घट्ट धरून शिंक दाबतात. काम बिघडले तर त्याचे खापर फोडायला शिंक सापडते आणि शिंक एखाद्या माणसाची असते. अपशकुन मानणारा शिंकणाऱ्याकडे पाहतच नाही. त्याची सगळी नजर निघणाऱ्याच्या कामावर असते. शुभेच्छा देणारा मात्र शिंकणाऱ्याकडेच पाहतो. म्हणून या दोन चाली वरवर एकाच मुळाच्या वाटल्या तरी त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत, आणि पहिलीला उत्तर म्हणून दुसरी वापरता येते. उंबरठ्यावर शिंक आली, तर निघणाऱ्याला बसवण्याऐवजी आत वळून ‘फार खाट झाला का गं? खिडकी उघड’ असे म्हणावे आणि निघणाऱ्याला सरळ निघू द्यावे. मला वाटते, शकुनांवरील अनेक व्याख्यानांपेक्षा घरात वारंवार घडलेला हा एवढा प्रसंग अधिक काम करील.

महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनेही हा फरक जपला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या होईपर्यंत ते हेच सांगत राहिले की समितीचा विरोध देवाला आणि धर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आणि फसवणुकीला आहे. त्यांच्या हत्येनंतर राज्यात आलेला कायदा नरबळी आणि जादूटोण्यासारख्या अघोरी प्रकारांसाठी आहे; शिंकेवरून कोणाला बोल लावणे त्यात बसत नाही आणि बसूही नये. हे काम घरातल्या घरात, बोलून आणि वागून करायचे आहे.

तेव्हा देव न मानणाऱ्याने शिंकेवर म्हणावे तरी काय? इथे मराठीची एक अडचण आहे. आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली वाहतो. आजी नातवाला ‘शतायुषी हो’ म्हणते, ते शोभते. पण सुनेने सासऱ्याला, कारकुनाने साहेबाला किंवा विद्यार्थ्याने गुरुजींना ‘शतायुषी व्हा’ म्हटले तर ते कानाला खटकते. म्हणूनच वडीलधारे शिंकले की आपण परंपरेने गप्प राहतो आणि तेच ‘श्रीराम’ किंवा ‘हरी हरी’ म्हणून आपली शिंक आपणच निस्तरतात. इंग्रजी ‘ब्लेस यू’ आपल्या कार्यालयांत इतक्या झटपट रुजले याचे कारण माझ्या मते श्रद्धेत नाही. वय आणि पद न पाहता कोणालाही म्हणता येईल असा एक आखूड शब्द हवा होता, तो तयार मिळाला.

तसा शब्द मराठीतही सहज होऊ शकतो. लहानाला आणि बरोबरीच्याला ‘जप रे’, ‘जप गं’, मोठ्याला ‘जपा’. त्यात देव नाही, उपदेश नाही, मोठेपणाचा आव नाही, आणि घरातून निघणाऱ्या माणसाला आपण तो नाही तरी म्हणतोच. लहान मुलांसाठी ‘शतायुषी हो’ आहेच. ते नास्तिकाने सोडून देण्याचे काहीही कारण नाही, कारण शंभर वर्षे जगण्याची इच्छा कोणत्याही देवळात जमा करावी लागत नाही. तीन-चार शिंका लागोपाठ आल्या तर शब्दांपेक्षा पाण्याचा पेला किंवा कागदी रुमाल पुढे करणे बरे. ज्याला ‘ब्लेस यू’ म्हणताना काही टोचत नाही त्याने ते म्हणावे. इंग्रजीत तो शब्द झिजून झिजून केवळ सभ्यतेचा उद्गार उरला आहे, आणि ‘अरे देवा’ म्हणून कपाळाला हात लावणारा नास्तिक आपल्याकडेही ठायी ठायी भेटतो.

ज्यांना ते टोचते त्यांचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. जे मनात नाही ते तोंडाने म्हणू नये, ही प्रामाणिकपणाची फार चांगली कसोटी आहे आणि तिच्यासाठी माणसांनी मोठी किंमत मोजली आहे. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेव्हा ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी, अशी त्यांनी मागणी केली. ती नाकारली गेली, मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तरी १८८६ पर्यंत त्यांना हक्काने आसनावर बसता आले नाही. पुढे १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना मिळाला. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांपासून न्यायाधीशांपर्यंत सर्वांसाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि ईश्वराचा उल्लेख नसलेले गांभीर्यपूर्वक कथन असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत, आणि दोहोंचे वजन सारखेच आहे. न्यायालयात, विधिमंडळात, जिथे शब्दासाठी माणूस उत्तरदायी असतो, तिथे नास्तिकाने आपल्या पर्यायाचा आग्रह धरावा. तिथे सवलत मागण्याचा प्रश्नच नाही, तो त्याचा हक्क आहे. शिंकणारा सहकारी मात्र आपली साक्ष नोंदवून घेत नसतो. तिथे आपला शब्द वापरावा आणि त्यावर चर्चा सुरू करू नये.

काही जण म्हणतात की खोकल्याला, उचकीला, जांभईला आपण काही म्हणत नाही, मग शिंकेलाच का? जपानमध्ये शिंकणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही आणि तिथली माणसे आपल्यापेक्षा कमी सभ्य आहेत असे कोणी म्हणणार नाही. हे पूर्ण खरे आहे. शिंकेला प्रतिसाद देणे हा निसर्गनियम नाही, केवळ रूढी आहे. पण जिथे ती रूढी आहे तिथे मौनालाही अर्थ येतो, आणि तो अर्थ आपण एकट्याने ठरवू शकत नाही. आठ जणांच्या खोलीत सात जण बोलले आणि आठवा मुद्दाम गप्प राहिला, तर त्याचे तत्त्वज्ञान कोणाला कळत नाही, फक्त त्याची उपेक्षा कळते. जिथे कोणीच काही म्हणत नाही, तिथे मीही काही म्हणणार नाही.

उलट बाजूने, आपण शिंकलो आणि शेजारच्या काकू ‘देव तुझं भलं करो’ म्हणाल्या, तर ‘धन्यवाद काकू’ एवढेच उत्तर योग्य आहे. ‘मी देव मानत नाही’ हे सांगण्याची ती जागा नव्हे. गोव्यात कोकणी बोलणारा माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. चहा दिल्याबद्दल ते ऐकून जो आपली निरीश्वर भूमिका मांडू लागेल तो माणसे तोडील आणि एकाचेही मत बदलणार नाही. काकूंनी आपल्याला दिले ते त्यांच्याजवळचे सगळ्यांत मोठे नाव आहे. ते आपल्याला पटत नसले तरी ते देताना त्यांनी हात आखडता घेतलेला नाही.

याचा अर्थ शब्द कधीच बदलू नयेत असा नाही. महार समाजावर लादलेला ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ आला, तो केवळ अभिवादनातला बदल नव्हता. वाकलेल्या मानेने करायचा नमस्कार नाकारून ताठ मानेने केलेला तो नवा नमस्कार होता. (आदिवासी समाजांत हाच ‘जोहार’ अभिमानाचा आहे, शब्दाची इजा शब्दात नसून तो कोणी कोणावर लादला यात असते.) माणसाला कमी लेखणारा शब्द असेल तर त्याच्याशी भांडलेच पाहिजे. शिंकेवरच्या शुभेच्छेत कोणी खाली वाकत नाही. म्हणून मला तिथे भांडणाचे कारण दिसत नाही, आणि जिथे सून शिंक दाबून उभी आहे तिथे ते स्पष्ट दिसते.

शिंकणाऱ्याची बाजूही या निमित्ताने मांडली पाहिजे. सभ्यतेचा पहिला भार त्याच्यावर आहे. रुमाल, तो नसेल तर कोपराचा वाकवलेला भाग, हे करोनाच्या साथीने साऱ्या जगाला शिकवले. आणि साथ ओसरल्यावर लोकल गाड्यांत आणि एसटीत ते तितक्याच वेगाने विसरले गेले आहे. त्याच काळात भीतीचे दुसरे टोकही आपण पाहिले. मार्च २०२० मध्ये कोल्हापुरात दुचाकीवरून जाणारा एक माणूस तोंड न झाकता शिंकला म्हणून त्याला भररस्त्यात मारहाण झाली आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. एकेकाळी ज्या शिंकेला शकुनाचे भय चिकटले होते तिला रोगाचे भय चिकटले. रोगाचे भय निराधार नव्हते, पण त्याचाही राग शिंकणाऱ्या माणसावरच निघाला. तोंड झाकण्याची अपेक्षा जरूर करावी, ती बोलून दाखवावी. हात उगारण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

शाळांविषयी थोडे वेगळे म्हणायचे आहे, कारण तिथे हा प्रश्न दोन माणसांपुरता राहत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१४ मध्ये एका विद्यार्थिनीने वर्गात शिंकलेल्या मुलाला ‘ब्लेस यू’ म्हटले, तिला वर्गाबाहेर पाठवण्यात आले, आणि प्रकरण देशभर गाजले. शाळेने शिस्तीचे कारण दिले, मुलीच्या बाजूने धर्मस्वातंत्र्याचे. एका शिंकेवरून दोन्ही बाजूंनी झेंडे उभे राहणे हे मुलांसाठी वाईट आहे. आपल्याकडील काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लहान मुलांना शिंकेवर ‘गॉड ब्लेस यू’ म्हणायला रीतसर शिकवले जाते. शिक्षकाने सगळ्या वर्गाला देवाच्या नावाचे एकच वाक्य पाठ करायला लावू नये, कारण त्या वर्गात वेगवेगळ्या श्रद्धांची आणि काही श्रद्धा नसलेल्या घरांतलीही मुले असतात. पण एखादे मूल घरच्या सवयीने ते वाक्य म्हणाले तर त्याला अडवूही नये. शिकवायचेच असेल तर शिंकताना तोंड कसे झाकावे आणि नंतर हात का धुवावेत हे शिकवावे, शेजारचा मुलगा शिंकला तर त्याला आपल्या शब्दांत काहीतरी बरे म्हणावे हे शिकवावे, आणि ‘शिंकलास, आता काम होणार नाही’ असे कोणी चिडवत असेल तर तिथल्या तिथे थांबवून शिंक कशी येते ते फळ्यावर काढून दाखवावे. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात नोंद आहे की रब्बान गमलिएल यांच्या घराण्याच्या अध्ययनगृहात शिंकणाऱ्याला आरोग्य चिंतत नसत, कारण त्याने अभ्यासात खंड पडतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात पाढे चालू असतील, तर तोही मार्ग मला मान्य आहे.